झाडू आणि धर्मशाळा

पावसाळ्यातील एखाद्या मोठ्या भरतीनंतर मुंबईच्या दादर चौपाटीवरील सकाळ प्रसन्न नसते. साडेचार मीटरहून उंच चढलेले पाणी ओसरले की वाळूवर एक लांबच लांब काळसर रेघ मागे राहिलेली दिसते. जवळ गेल्यावर कळते की ती रेघ कचऱ्याची आहे. दुधाच्या फाटक्या पिशव्या, तुटक्या चपला, थर्मोकोलचे तुकडे, निर्माल्य, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि बाटल्या एकमेकींत गुंतून पडलेल्या असतात. महानगरपालिकेचे सफाई कामगार फावडी घेऊन कामास लागतात. त्याच सुमारास भिंतीच्या आडोशाला रात्र काढलेली काही माणसे आपली अंथरुणे गुंडाळीत असतात. प्रभातफेरीस आलेला नागरिक ही दोन्ही दृश्ये एकाच नजरेत टिपतो आणि घरी जाऊन तक्रार लिहितो. ती बहुधा एकाच वाक्याची असते : चौपाटीवरील कचरा आणि भिकारी हटवावेत.

शाळेतील व्याकरणात 'आणि' हे साधे उभयान्वयी अव्यय आहे. दोन पदे जोडणे एवढेच त्याचे काम. या तक्रारीत मात्र ते कारण दाखविणारे होऊन बसते. माणसे आहेत म्हणून कचरा आहे, असा अर्थ त्यातून नकळत निघतो आणि त्याच अर्थाने तो अर्ज कार्यालयात वाचला जातो. एकाच मोटारीत दोन्ही गोष्टी भरून नेण्याची पद्धत अशा वाचनातूनच पडली. कचरा दुसऱ्या भरतीला परत येतो. माणसेही दोन-चार रात्रींनी परत येतात, पण येताना त्यांच्याजवळ पूर्वीपेक्षा कमी असते. सार्वजनिक जागांची निगा ज्यांच्याकडे आहे अशा अधिकाऱ्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी या दोन प्रश्नांची उत्पत्ती वेगवेगळी तपासणे म्हणूनच अगत्याचे आहे.

कचरा कोठून येतो?

किनाऱ्यावरील कचऱ्याचा मोठा भाग किनाऱ्यावर टाकलेलाच नसतो. शहराच्या पोटातून वाहणारे नाले, मिठीसारखी नदी आणि खाड्या घरोघरचा तरंगता कचरा समुद्रात नेतात. नैर्ऋत्येचा वारा आणि भरती तो परत किनाऱ्यावर आणून टाकतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तुंबलेल्या गटारांत प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे बोळे सापडले. त्या अनुभवानंतर राज्यात २००६ साली अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा झाला आणि मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक व थर्मोकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घालणारी अधिसूचना निघाली. या दोन्ही उपायांचा रोख दुकानदार, उत्पादक आणि गिऱ्हाईक यांच्यावर होता. पदपथावर निजणाऱ्याचा त्यात उल्लेख नाही, आणि तो नसणेच योग्य होते.

वर्सोवा किनाऱ्याचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शहा या वकिलाने एका वृद्ध शेजाऱ्याला सोबत घेऊन तेथे हाताने कचरा उचलण्यास आरंभ केला. हळूहळू शेकडो माणसे जमली. सुमारे अडीच किलोमीटरच्या पट्ट्यातून ८५ आठवड्यांत पन्नास लाख किलोहून अधिक कचरा निघाला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१६ साली या कामाचा गौरव केला, आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. लोकांच्या स्मरणात कासवे राहिली, हे स्वाभाविक आहे. प्रशासनाने स्मरणात ठेवावयाच्या गोष्टी आणखी दोन आहेत. पहिली अशी की, कचरा उचलूनही तो येतच राहिला, म्हणून या मंडळींना पुढे नदी-नाल्यांकडे वळावे लागले. दुसरी अशी की, त्यांनी किनाऱ्यालगतची सार्वजनिक शौचालयेही स्वतः घासून काढली. वाळू स्वच्छ हवी तर आधी शौचालय वापरण्याजोगे हवे, हे त्यांना काम करता करता समजले.

उद्यानांची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथील कचरा तेथेच होतो. रविवारी संध्याकाळी कोणत्याही शहरातील मोठ्या बागेत हिरवळीवर जे उरते त्यात खाऊच्या पुड्या, कागदी बशा, वाढदिवसाच्या केकचे खोके आणि पाण्याच्या बाटल्या असतात. हा कचरा खरेदी करणाऱ्याचा आहे. ज्याच्यापाशी विकत घेण्यास पैसे थोडे त्याच्यापाशी टाकण्यासारखेही थोडेच असते. उलट दुसऱ्याने टाकलेली बाटली उचलून तो ती भंगारवाल्याकडे नेतो.

तथापि निराश्रितांमुळे अस्वच्छता मुळीच होत नाही, असे म्हणणेही खरे ठरणार नाही. तीन दगडांच्या चुलीची राख, चिंध्या, कोठे दारूच्या बाटल्या, आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे उघड्यावरचा देहधर्म, या गोष्टी बागेत येणाऱ्या मुलांना व वृद्धांना सोसाव्या लागतात. त्यांची तक्रार खोटी नाही. परंतु रात्री बागेचे शौचालय कुलूपबंद करावयाचे आणि सकाळी कुंपणालगत घाण झाली म्हणून माणसाला दोष द्यावयाचा, यातील विसंगती कुलपाची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला तरी कळावयास हवी. पैसे देऊन वापरावयाच्या शौचालयाचा दर नोकरदाराला क्षुल्लक वाटतो. चौघांच्या निराश्रित कुटुंबाला दिवसातून प्रत्येकी दोन वेळा तोच दर द्यावा लागला तर एका वेळच्या अन्नाचे पैसे त्यात जातात. स्त्रियांची अडचण तर बोलून दाखविली जात नाही. त्या अंधार पडेपर्यंत पाणी पिण्याचेच टाळतात.

उघड्यावर निजणारा कोण?

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. रस्त्याच्या कडेला, पदपथावर, मोठ्या नळांत, उड्डाणपुलांखाली, जिन्यांखाली, देवळांच्या मंडपात किंवा रेल्वेच्या फलाटांवर राहणारे ते बेघर, अशी व्याख्या ठरलेली होती. देशात असे १७ लाख ७० हजारांहून अधिक लोक मोजले गेले. महाराष्ट्रात ही संख्या दोन लाखांच्या वर होती आणि एकट्या बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार. एका रात्रीत केलेल्या मोजणीतून पुष्कळ जण निसटतात, हे उघड आहे. पोलिसाची चाहूल लागताच जागा बदलणे हा ज्यांच्या जगण्याचा भाग झाला आहे ते प्रगणकाची वाट पाहत थांबत नाहीत.

त्या ५७ हजारांना 'भिकारी' हा एकच शब्द लावणे अन्यायाचे होईल. परळच्या टाटा रुग्णालयाभोवती पदपथावर दिसणारी माणसे राज्याच्या आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले कर्करोगाचे रुग्ण व त्यांचे आप्त असतात. कित्येकांचे गावी घर असते, शेतीही असते. पहाटे नाक्यावर उभा राहणारा बिगारी, बाजारातील ओझी वाहणारा, लग्नसमारंभात वाढपी म्हणून जाणारा, हेही त्यांतलेच. पारधी समाजाची कुटुंबे आहेत. मुलांनी सांभाळण्याचे नाकारलेले वृद्ध आहेत आणि मनाचा तोल ढळलेली, स्वतःचे नावही न सांगू शकणारी माणसे आहेत. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून व सोलापूर-नगर भागातून पुण्या-मुंबईकडे जी रीघ लागली तिच्यातील कित्येकांचे पहिले बिऱ्हाड उघड्या जागेवरच थाटलेले होते. त्याच दुष्काळाच्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा आकारास आला. शहराच्या पदपथाचा आणि गावच्या पाझर तलावाचा संबंध महाराष्ट्राला अशा रीतीने फार पूर्वी कळलेला होता.

कायद्यानेही या प्रश्नाचा विचार केलेला आहे. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुंबईतील पदपथवासीयांना उठवून मूळ गावी धाडण्याचा निर्णय जाहीर झाला. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस व इतरांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. उपजीविकेचे साधन हिरावून घेणे म्हणजे जीवितच हिरावून घेणे होय, म्हणून राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने मानले. पदपथावर राहण्याचा हक्क मात्र कोणालाही दिला नाही. अतिक्रमण हटविण्याचा महानगरपालिकेचा अधिकार कायम ठेवला. पावसाळा संपेपर्यंत कोणास हलवू नये आणि १९७६ च्या गणनेत ओळखपत्रे मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यावी, असेही सांगितले. या निकालाचा अर्धाच भाग उद्धृत करण्याची सवय दोन्ही बाजूंना आहे. संपूर्ण निकाल वाचणाऱ्यास दिसते की, ही माणसे हौसेने नव्हे तर परिस्थितीच्या रेट्याने तेथे आली, याची न्यायालयाने स्वच्छ दखल घेतलेली आहे.

पुढे अन्न हक्काच्या प्रकरणात २०१० पासून सर्वोच्च न्यायालयाने रात्रनिवाऱ्यांविषयी आदेश दिले. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने दर एक लाख नागरी लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांच्या कायम निवाऱ्याचे प्रमाण ठरविले. निवारा वर्षभर, दिवसरात्र उघडा असावा आणि तेथे पाणी, शौचालय, स्वयंपाकाची सोय असावी, असे त्यात अभिप्रेत होते. या प्रमाणाचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. २०११ साली मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. त्या मानाने सुमारे १२,४०० माणसांची सोय व्हावयास हवी होती. म्हणजे हे किमान प्रमाण तंतोतंत पाळले असते तरी मोजलेल्या दर पाच बेघरांपैकी जवळजवळ चार जण बाहेरच राहिले असते. प्रत्यक्षात उभे राहिलेले निवारे तर त्या मानाच्याही पुष्कळ खाली राहिले. जे झाले त्यांतील काही कामाच्या जागेपासून इतके दूर की, पहाटे चार वाजता बाजारात हजर राहावयाचे असलेला हमाल तेथे निजावयास जाणार नाही. रिकामा निवारा पाहून 'यांना पदपथच आवडतो' असा शेरा मारण्यापूर्वी अंतर मोजावे.

बोचके

मोकळ्या जागेत राहणाऱ्या माणसाची सारी मालमत्ता एका बोचक्यात असते. वरून ते चिंध्यांचे गाठोडे दिसते. आत एखादे भांडे, दोन कपडे, मुलाचे दप्तर, रुग्णालयाचा कागद, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन घड्या घालून जपलेली शिधापत्रिका किंवा आधारपत्र असते. सफाईची मोहीम आली की बोचके कचऱ्याच्या मोटारीत जाते. भांडे पुन्हा मिळते. कागद मिळवावयाचा तर पत्त्याचा पुरावा हवा आणि पत्ता नाही म्हणूनच तर माणूस तेथे असतो. शिधा, उपचार, निवृत्तिवेतन या सर्वांची दारे अशा रीतीने एका सकाळी बंद होतात. कचरा आणि माणूस यांच्यामध्ये घातलेल्या त्या 'आणि'ची किंमत कोठे चुकवावी लागते, हे बोचके उघडल्यावर कळते.

यावर उपाय अवघड नाही. ज्या जागेवर कारवाई करावयाची तेथे आदल्या संध्याकाळी सांगावे, उचललेल्या वस्तूंचा पंचनामा करावा, पावती द्यावी व वस्तू ठराविक दिवस जपून ठेवाव्यात. दुकानदाराचा जप्त केलेला माल प्रशासन असाच जपते.

सहा डिसेंबरचे मैदान

व्यवस्था असली म्हणजे काय घडते, याचे उदाहरण दूर शोधावयास नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या महापरिनिर्वाण दिनी दादरच्या चैत्यभूमीवर लाखो अनुयायी येतात आणि त्यांतील पुष्कळसे शिवाजी पार्कच्या मैदानात मुक्काम करतात. त्या रात्री मैदानात निजणाऱ्यांच्या डोक्यावर स्वतःचे छप्पर नसते. त्या अर्थी ते सारे बेघरच. महानगरपालिका मंडप उभारते, पाण्याचे नळ जोडते, फिरती शौचालये व स्नानगृहे आणते, वैद्यकीय पथक ठेवते आणि सफाई कामगारांच्या पाळ्या लावते. स्वयंसेवी मंडळी अन्न देतात. गर्दी पांगल्यावर मैदान पुन्हा क्रिकेटच्या मुलांच्या स्वाधीन होते. पंढरीच्या वाटेवरही असाच पालट दिसला आहे. पालखीच्या मुक्कामी वर्षानुवर्षे गावकऱ्यांची हागणदारीविषयी कुरकुर असे. फिरती शौचालये आल्यापासून ती पुष्कळ कमी झाली. वारकरी तेच आहेत, वाटही तीच आहे.

लाखोंसाठी तीन दिवस जे जमते ते एका बागेतील तीस माणसांसाठी तीनशे पासष्ट दिवस का जमू नये, या प्रश्नाचे उत्तर खर्चात शोधण्यापेक्षा जबाबदारीच्या वाटणीत शोधावे. सहा डिसेंबरला सर्व खाती एका मंडपात बसतात. एरवी बाग उद्यान विभागाची, कचरा घनकचरा विभागाचा, शौचालय आणखी कोणाचे आणि माणूस कोणाचाच नाही.

एका हातातली दोन कामे

महाराष्ट्राला ही वाटणी परकी वाटावयास हवी होती. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की प्रथम झाडू हाती घेत आणि रात्री कीर्तन करीत. लोकांनी दिलेला पैसा त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई येथील धर्मशाळांना लावला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा पुढे त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. त्यांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत आजही कर्करोगाचे रुग्ण व त्यांचे आप्त उतरतात. ज्याने झाडू मारला त्यानेच धर्मशाळा बांधली, कारण यात्रेकरूला टेकावयास जागा नसली की घाट घाण होणार, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. राज्यात २०००-०१ पासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले व गावोगावी त्याने मोठे काम केले. मात्र बाबांचा झाडू आपण जितक्या उत्साहाने उचलला तितक्या उत्साहाने धर्मशाळेकडे पाहिले नाही.

येथे एक गमतीची, खरे तर गंभीर, गोष्ट ध्यानात येते. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियमाने, उपजीविकेचे उघड साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी भिक्षेकरी भासेल अशा अवस्थेत वावरणाऱ्यासही ताब्यात घेण्याची मुभा दिली. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षांची स्थानबद्धता होऊ शकत असे. फाटके गोधडे पांघरून, हातात मडक्याची खापरी घेऊन हिंडणारे गाडगेबाबा १९५६ साली निवर्तले. तीन वर्षे अधिक जगते तर त्या व्याख्येत सहज बसले असते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली दिल्लीपुरत्या या अधिनियमातील अनेक तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या.

कचऱ्यावर जगणाऱ्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलली की काय होते, ते पुण्याने दाखविले आहे. १९९३ साली तेथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया. बऱ्याच जणी दुष्काळात गाव सोडून आलेल्या. पुणे महानगरपालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. पुढे 'स्वच्छ' या सहकारी संस्थेमार्फत घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे आले. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना देशभर मान्यता दिली, ती या पूर्वानुभवाच्या पार्श्वभूमीवर. या स्त्रिया बेघर नव्हेत, बहुतेक झोपडवस्तीत राहणाऱ्या आहेत. तरीही कालपर्यंत बागेच्या फाटकावरून हाकलली जाणारी बाई उद्या त्याच वस्तीची अधिकृत सफाई सेविका होऊ शकते, हे बागेच्या रखवालदारालाही माहीत असावे.

गावची वेस

पंचायत सदस्यांना हा सारा प्रश्न शहरी वाटण्याचा संभव आहे. परंतु गावाच्या वेशीबाहेर गायरानावर पडलेली भटक्या जमातींची पाले आठवावीत. तेथेही तक्रार तीच असते : घाण होते, उठवा. पालावर नळ नाही, शौचालय नाही आणि घंटागाडी तिकडे वळत नाही, ही वस्तुस्थिती ग्रामसभेच्या इतिवृत्तात क्वचितच येते. विमुक्त व भटक्या जमातींसाठी २०११ साली आखलेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेत वीस कुटुंबांना एक हेक्टर जमिनीवर प्रत्येकी पाच गुंठे व लहानसे घर देण्याची कल्पना होती. अशा योजनेची सर्वांत मोठी अडचण पैशाइतकीच जमिनीची असते, आणि जमीन दाखविण्याचे काम गावाच्या संमतीवाचून होत नाही.

शिक्षकांचा संबंध याहून जवळचा आहे, कारण मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून पुष्कळदा त्यांचीच नेमणूक होते. निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार बेघर माणसाने मतदार नोंदणीचा अर्ज केला तर निवासाचा लेखी पुरावा मागावयाचा नसतो. अधिकाऱ्याने अर्जातील जागी रात्री जावयाचे आणि तो माणूस तेथे खरोखर निजतो की नाही ते पाहावयाचे. तेही एकाहून अधिक रात्री. एक यंत्रणा त्या माणसाला तेथून उठविण्यास सकाळी जाते आणि दुसरी तो तेथेच आहे याची खात्री करण्यास रात्री जाते. दुसरीने नोंदविलेला पत्ता पहिलीने मानला तर बरीच कटकट वाचेल.

शाळेचेही तसेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही बालकाचा प्रवेश नाकारता येत नाही. बागेत राहणारे मूल शाळेत आले, वयाप्रमाणे वर्गात बसले, की पत्त्याचा रकाना तेवढा रिकामा राहतो. त्यात बागेचे नाव आणि समोरच्या चौकाची खूण लिहून ठेवावी. चार दिवस मूल आले नाही तर कोठे जाऊन विचारावयाचे, हे वर्गशिक्षकाला ठाऊक राहील.